पिटबुलच्या 'काये ओचो'मधला ट्रम्पेट नेमका कुणाचा?

गुळपोळी

परवा चुलतभावाच्या हळदीला डीजेने मध्येच अमेरिकन रॅपर पिटबुलचं 'आय नो यू वाँट मी (काये ओचो)' लावलं आणि मांडवातल्या तीन पिढ्या एका सुरात "उनो, दोस, त्रेस, क्वात्रो" ओरडायला लागल्या. आमच्या मोठ्या काकूंना स्पॅनिशमध्ये चारपर्यंत मोजता येतं, ही बातमी घरात त्या दिवशी फुटली.

२००९ साली हे गाणं आलं तेव्हा मी हॉस्टेलला होते. ब्लूटूथवरून फिरत फिरत आलेल्या फाइलचं नाव नुसतं '१२३४' होतं. गायक कोण, भाषा कुठली, काही पत्ता नाही, तरी आम्ही त्यावर गॅदरिंगचा नाच बसवला. बसवताना एक गंमत झाली. सगळ्या स्टेप्स ट्रम्पेटवर बसत होत्या, गाणाऱ्यावर एकही नाही. पिटबुल बोलत असला की आम्ही जागच्या जागी झुलायचो, आणि ट्रम्पेट वाजला की आठही जणी एकदम पुढे.

हळदीहून आल्यावर पिवळ्या हातांनीच शोधाशोध केली. तो ट्रम्पेट पिटबुलचा नाहीच! त्याने 'सेव्हंटी फाइव्ह, ब्राझील स्ट्रीट' नावाचा इटालियन क्लब ट्रॅक जवळजवळ आहे तसा उचललाय. निकोला फसानो आणि पॅट रिच यांचा. त्यांनी ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा, तुकडा घेतला अमेरिकेतल्या 'शिकागो' या बँडच्या 'स्ट्रीट प्लेअर'मधून, साल १९७९. आणि या दोन गाण्यांच्या मधे, १९९५ला, न्यूयॉर्कच्या केनी 'डोप' गोन्झालेझने 'द बकेटहेड्स' हे नाव घेऊन 'स्ट्रीट प्लेअर'चेच तुकडे जोडून 'द बॉम्ब' केलं होतं. ते ब्रिटनमध्ये पाचव्या नंबरापर्यंत चढलं. म्हणजे ट्रम्पेट एकच, पण तीस वर्षांत तीन सासरं.

मग पिटबुलने केलं काय? माझ्या मते त्याने या सुरावटीला पत्ता दिला. काये ओचो म्हणजे मायामीतला आठवा रस्ता, क्यूबाहून आलेल्यांची वस्ती. पिटबुल म्हणजे आर्मांदो ख्रिस्तियान पेरेझ, जन्म मायामीचा, आईवडील क्यूबाचे. तो इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जातो आणि परत येतो, पण एका भाषेत म्हटलेलं दुसरीत पुन्हा सांगत बसत नाही. मोजणी तेवढी दोन्हीकडे आहे. ती बहुधा आमच्या काकूंसाठी.

तुमच्या आठवणी, मतं, भांडणं सगळं चालेल.

जुनंतेसोनं

याला गाणं म्हणायचं का, इथपासून सुरुवात आहे. दुसऱ्याने रांधलेल्या आमटीवर कोथिंबीर भुरभुरवायची आणि 'आमटी माझी' म्हणायचं. बरं, कोथिंबीर म्हणजे काय, तर चार आकडे. आमच्या काळी एका गाण्याला साठ-सत्तर वादक बसायचे, रिहर्सली व्हायच्या. आता एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसतो.

बाराइंची

काका, तुमचा मुद्दा पोचला, पण आमटीवाल्याला पैसे मिळालेत हो. पिटबुलच्या गाण्याचे गीतकार-संगीतकार बघा, त्यात डॅनी सेराफिन आणि डेव्हिड वोलिन्स्की ही नावं आहेत. 'स्ट्रीट प्लेअर' याच दोघांनी लिहिलं. सेराफिन म्हणजे शिकागो बँडचा ड्रमर.

सॅम्पलचं, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा उचलण्याचं, गणित असं असतं: दोन दारं ठोठवावी लागतात. एक रचनेचं, म्हणजे ज्याने चाल बांधली त्याचं. दुसरं रेकॉर्डिंगचं, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा कंपनीकडे असतं. तीच चाल आपले वादक बसवून नव्याने वाजवून घेतली तर दुसरं दार टळतं. म्हणून कित्येक जण मूळ तुकडा न उचलता हुबेहूब वाजवून घेतात. गुळपोळीताई, धाग्यात छोटी दुरुस्ती: 'स्ट्रीट प्लेअर' पहिल्यांदा शिकागोने काढलं नाही. १९७८ साली रूफस या बँडने काढलं, अल्बमचं नावही तेच. गायिका चाका खान ज्या बँडमध्ये होती तो रूफस. वोलिन्स्की तिथे कीबोर्डवर होता. शिकागोची आवृत्ती वर्षभराने आली, नऊ मिनिटांहून लांब, त्यात ब्राझीलचा एअर्तो मोरेरा तालवाद्यांवर आणि ट्रम्पेटला मेनार्ड फर्ग्युसन पाहुणा. आपल्याला जे ब्रास माहीत आहे ते या आवृत्तीतलं.

आणि 'एक मुलगा लॅपटॉप घेऊन' हे केनी डोपला लावू नका. ऐंशी-नव्वदच्या दशकात ई-म्यू एसपी-१२०० नावाचं यंत्र चालायचं. त्यात सगळं मिळून जेमतेम १० सेकंद आवाज मावायचा. लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर पळवून आत घ्यायचे आणि आत गेल्यावर पुन्हा हळू करायचे, म्हणजे जागा वाचते. मी स्वतः सात वर्षं लग्नांत आणि क्लबात रेकॉर्ड्स वाजवल्या आहेत. नऊ मिनिटांच्या गाण्यातले कुठले तीन सेकंद घ्यायचे ते ओळखणारा कान पैसे देऊन मिळत नाही.

गुळपोळी

बाराइंची, दुरुस्तीबद्दल आभार. रूफस काल रात्री ऐकलं. तिथे ते गाणं नुसतं चालतं. शिकागोकडे ते पळतं.

खिडकीजवळची

धागा मस्त, पण 'पत्ता दिला' हे जरा जास्तच काव्यात्म होतंय. काये ओचो हे नाव गाण्याच्या शीर्षकात कंसात आहे. आत काय आहे? एक बाई, एक बुवा, तुला मी हवा, मला तू हवीस. यात रस्ता कुठे आला? शब्दांचा अर्थ काकूंना सांगू नकोस म्हणजे झालं.

दोन भाषांचंही तसंच. माझी भाची दुबईत वाढलेली, ती एका वाक्यात तीन भाषा फिरवते, त्यात धोरण वगैरे काही नसतं. जो शब्द आधी तोंडात आला तो बाहेर पडला.

बाराइंची

खिडकीताई, पहिले दहा सेकंद पुन्हा ऐका. ठेका सुरू व्हायच्या आत तो बोलतो: मिस्टर ३०५ हजर आहे, हे रीमिक्स आहे, ते ब्राझील स्ट्रीट माहितीये ना, यंदापासून त्याला काये ओचो म्हणायचं. ३०५ हा मायामीचा टेलिफोन कोड. म्हणजे आधीच्या गाण्याचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत, रस्त्याची पाटी बदलतोय गडी. कुणाकडून घेतलं ते लपवलेलं नाहीच, उलट त्याचीच जाहिरात केली आहे.

खिडकीजवळची

ऐकलं. पाटीचं मान्य. बाई-बुवाचं म्हणणं मागे घेत नाही.

मांडवीकांठ

आमच्या गोंयात हा प्रश्न जुना आहे. १९७३च्या 'बॉबी'तलं 'ना चाहूँ सोना चाँदी' आठवा. त्यात मधेच 'घे घे घे रे सायबा' येतं, ते 'हांव सायबा पलतडी वयता' या आमच्या देखणीतून, म्हणजे नाचाच्या कोंकणी गाण्यातून, उचललेलं. चालसुद्धा तिचीच. देखणीत एक कलावंतीण नावाड्याला विनवते, मला पलीकडे लग्नघरी जायचंय, वाट दाखव; तो नाही म्हणतो, ती एकेक दागिना काढून देऊ करते, पैंजण, कानातलं, आणि दर वेळी 'घे घे घे'. सिनेमात 'सोना चाँदी नको' आलं ते यातूनच उलटं होऊन. सगळ्या हिंदुस्थानाला 'घे घे' पाठ झालं. नावाडी आणि नदी कुणाला माहीत नाही.

मला स्वतःला राग येत नाही. पण शेजारच्या लग्नात वाजतं तेव्हा मी मूळचे शब्द म्हणतो, आणि बाजूचे लोक मला सांगतात, "अंकल, गलत गा रहे हो."

जुनंतेसोनं

मांडवीकांठ, हे आवडलं. मात्र 'बॉबी'त ती चाल पूर्ण वाद्यवृंद बसवून नव्याने वाजवली होती. माझा आक्षेप तयार रेकॉर्ड कापण्याला आहे.

ढगाळ_हवा

चोरी आणि उसनवारी यांतला फरक बघायचा असेल तर लंबाडा बघा. बोलिव्हियाच्या लोस क्यार्कास या बँडचं १९८१चं 'योरांदो से फुए', हेर्मोसा बंधूंचं. अँडीजमधली पावा आणि चारांगो या छोट्या तंतुवाद्यावर चालणारी विरहाची चाल, अर्थ साधारण 'रडत रडत निघून गेली'. १९८९ला फ्रान्समध्ये जमलेल्या काओमा ग्रुपने पोर्तुगीज शब्दांत, न विचारता, 'लंबाडा' करून जगभर विकलं. हेर्मोसा कोर्टात गेले आणि त्यांचं नाव लागलं. १९९०ला आपल्याकडे 'घायल'मध्ये 'सोचना क्या जो भी होगा देखा जाएगा'. शब्दांतच सगळं आलं, नाही का. आणि २०११ला जेनिफर लोपेझचं 'ऑन द फ्लोअर', त्यात हेर्मोसांना रीतसर श्रेय, आणि सोबत रॅप करायला कोण, तर पुन्हा आपले पिटबुलराव.

रडत निघून गेलेल्या बाईच्या गाण्यावर सगळं जग तीस वर्षं कंबर हलवतंय.

बिगूल

नमस्कार मंडळी. मी आमच्या तालुक्यात ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, वडिलांपासूनची लाइन. हा पीस आम्ही २०१० पासून वाजवतो. बँडमध्ये त्याला 'चार आकडेवाला' म्हणतात. ऑर्डर अशी येते, "मास्तर, ते चार आकडेवालं घ्या." पिटबुल-शिकागो ही नावं मला काल या धाग्यावर कळली.

वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. पीस छोटा आहे, अवघड नाही. पण तो ठेक्यावर पडत नाही, ठेक्याच्या फटीत पडतो. ढोल ठाम-ठाम-ठाम जातो आणि आपण त्याच्या मधे घुसायचं. नवीन पोरगा असला की ढोलाच्या ठोक्यावरच फुंकतो आणि सगळी मजा जाते, बँडचं वाजणं शाळेच्या कवायतीसारखं होतं.

दुसरी अडचण श्वासाची. डीजेच्या गाण्यात तोच तुकडा लागोपाठ येत राहतो. मशीनला दम लागत नाही, आम्हाला लागतो. वरच्या पट्टीत सात-आठ वेळा सलग मारला की ओठ बधिर होतात, माउथपीस कुठे टेकला तेच कळत नाही. म्हणून आम्ही दोघं वाटून घेतो. मी वाजवला की पुतण्या श्वास घेतो, त्याने वाजवला की मी. ऐकणाऱ्याला एकच ट्रम्पेट वाटतो. काल तुमच्यामुळे मूळ शिकागोवालं ऐकलं. ती माणसं तुकडा वाजवून पुढे सरकतात, दुसरं काही घेतात, फिरून परत येतात. माणसाने वाजवलेलं आहे ते लगेच कळतं, कारण श्वासाला जागा ठेवली आहे. तो तुकडा आम्ही यंत्राकडून शिकलो आणि परत माणसांत वाटून घेतला, असं झालं म्हणायचं.

अवांतर: मागच्या हंगामात एका वरातीत दीड तास हेच वाजवून घेतलं आणि बिदागी देताना "एकच तर गाणं वाजवलं" म्हणून पाचशे कापले.

गुळपोळी

बिगूलदादा, दंडवत. तुमच्या प्रतिसादाने माझा धागा फुकट गेला, मूळ लेख तुम्हीच लिहायला हवा होतात.

ढगाळ_हवा

पाचशे कापले! त्या हिशोबाने पिटबुलचे काहीच उरणार नाहीत.

जुनंतेसोनं

बिगूलजी, श्वासाचा मुद्दा मला फार पटला. माझ्याच बाजूचा आहे म्हणून नव्हे. (थोडं म्हणूनही.)

बाराइंची

शिकागोच्या त्या रेकॉर्डची वेळ किती वाईट होती बघा. १२ जुलै १९७९, शिकागो शहर, कॉमिस्की पार्क हे बेसबॉलचं मैदान. एका रेडिओ जॉकीने जाहीर केलं, डिस्कोची रेकॉर्ड घेऊन या आणि ९८ सेंटमध्ये मॅच बघा. दोन मॅचच्या मधे मैदानात रेकॉर्डींची पेटी स्फोटाने उडवली, हजारो लोक आत घुसले, मैदानाची वाट लागली आणि यजमान व्हाइट सॉक्सना दुसरी मॅच सोडून द्यावी लागली. पुढे खूप जणांनी लिहिलं की तो राग नुसता संगीतावर नव्हता. डिस्को हे काळ्यांचं, लॅटिनोंचं, समलिंगी लोकांचं संगीत होतं.

आणि महिन्याभराने, ऑगस्टमध्ये, त्याच शहराचं नाव लावणाऱ्या रॉक बँडने नऊ मिनिटांचं डिस्को गाणं बाजारात आणलं. रॉकवाल्यांनी नाक मुरडलं. अल्बम 'शिकागो १३' आपटला.

पण त्याच शहरात, दोनतीन वर्षांत, वेअरहाऊस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स जुनी डिस्को ताणून, तोडून वाजवायला लागला. त्यातून निघालेल्या नाचाच्या संगीताला 'हाऊस' हे नाव त्या वेअरहाऊसवरून पडलं. केनी डोप त्याच परंपरेतला, ब्रुकलिनचा, घर पोर्तो रिकोचं. तेव्हा पडलेली ती रेकॉर्ड पेटीतून काढून पुन्हा नाचवली ती लॅटिनो पोराने. पिटबुलच्या आधीच ती मंडळींच्या घरी पोचली होती.

अजून एक गंमत. 'द बॉम्ब'ला कंसात नाव आहे 'दीज साउंड्स फॉल इन्टू माय माइंड'. मूळ ओळ आहे 'स्ट्रीट साउंड्स स्वर्लिंग थ्रू माय माइंड'. चुकीचं ऐकलं आणि तेच छापलं! शिकागोचा गायक पीटर सेटेरा गातो तेही असं की मला सुद्धा तसंच ऐकू यायचं.

खिडकीजवळची

म्हणजे मूळ गाण्यात 'स्ट्रीट' होता, मधल्याने तो ऐकलाच नाही, इटालियन लोकांनी वेगळाच स्ट्रीट आणला आणि पिटबुलने आपला. गुळपोळी, तुझं पत्त्याचं म्हणणं मी आता निम्मं मान्य करते.

समुद्रपार

उशिरा आलो. मी मायामीपासून तासाभरावर राहतो, अकरा वर्षं झाली. काये ओचोवर महिन्यातून एक चक्कर असते, मुख्यतः कॉफीसाठी.

तिथे हॉटेलांना रस्त्याच्या बाजूला छोटी खिडकी असते, तिला वेन्तानिता म्हणतात. उभ्याने कॉफी घ्यायची. 'कोलादा' मागितली की एका थर्मोकोलच्या कपात साखर घोटलेली कडक कॉफी येते आणि सोबत बोटभर प्लास्टिकचे चारपाच इवले कप. एकट्याने प्यायची नसते, ऑफिसात नेऊन वाटायची असते. पहिल्या खेपेला मी अख्खी एकट्याने प्यायलो आणि रात्री तीनपर्यंत छत बघत होतो. खिडकीतली आजी दुसऱ्या खेपेला मला बघून हसली आणि न विचारता इवल्या कपांची चळत पुढे केली. आपलं कटिंगच, फक्त कटिंग करायचं काम गिऱ्हाइकाकडे. पुढे मॅक्सिमो गोमेझ पार्क, तिथे म्हातारे डॉमिनो खेळतात, क्यूबन पद्धतीचा, नऊच्या जोडीपर्यंत जाणारा संच, टेबलावर आपटून. मार्चमध्ये रस्ताभर कार्निव्हल. १९८८ला याच रस्त्यावर १,१९,९८६ लोकांची काँगा रांग झाली होती, एकमेकांच्या कमरेला धरून. गिनीजमध्ये आहे.

दोन भाषांबद्दल: खिडकीजवळचींच्या भाचीसारखंच इथे चालतं. खिडकीतली आजी ऑर्डर स्पॅनिशमध्ये घेते, आकडा इंग्रजीत सांगते, शिवी पुन्हा स्पॅनिशमध्ये. पण पिटबुलच्या घरी स्पॅनिश हा नुसता बोलण्याचा मामला नव्हता. लहानपणी त्याच्याकडून होसे मार्तीच्या कविता पाठ करून घ्यायचे. मार्ती म्हणजे क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचा कवी. आपल्याकडे परदेशातल्या मुलांना मनाचे श्लोक पाठ करायला लावतात तसं समजा. त्यातून हे गाणं निघालं म्हणून आईने काय कपाळ बडवलं असेल ते वेगळं.

आणि काकूंना सांगा, क्यूबन माणूस शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतो. नीट ऐका, तो 'दोस, त्रेस' म्हणत नाही, 'दो, त्रे' म्हणतो. तुमच्या मांडवात माद्रिदचा उच्चार चाललाय.

ढगाळ_हवा

आपल्याशी नातं जोडायचंच तर: २०१३ला कोलकात्यात आयपीएलच्या उद्घाटनाला पिटबुल येऊन गेला, आणि त्याच वर्षी प्रियांका चोप्राबरोबर 'एक्झॉटिक', त्यात हिंदी-इंग्रजी. ते गाणं मी एकदा ऐकलं. एकदाच.

मांडवीकांठ

समुद्रपार, कोलादा वाचून तोंडाला पाणी सुटलं. बिगूलबाब, तुमचं 'चार आकडेवालं' रेकॉर्ड करून टाका हो इथे. शिकागो, न्यूयॉर्क, इटली, मायामी आणि मग तुमचा तालुका.

बिगूल

टाकतो. पण आता हंगाम नाही, पुतण्या द्राक्षबागेच्या कामाला गेलाय. एकट्याने वाजवलं तर श्वासाच्या जागी भोक पडेल. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या वरातीत मोबाईल धरायला सांगतो कुणाला तरी.

जुनंतेसोनं

वाट बघतो. आणि पाचशे कापणाऱ्याकडे या खेपेला आधी अर्धी रक्कम घ्या.

गुळपोळी

सगळ्यांचे आभार. काकूंना अख्खा धागा वाचून दाखवला. 'स' गिळायचा सराव सुरू आहे. त्यांचा एकच प्रश्न आहे, समुद्रपार यांनी उत्तर द्यावं: चारच्या पुढे काय म्हणतात? परत लग्न आहे घरात.

समुद्रपार

सिंको, सेइस, सिएते, ओचो. ओचो आलं की उतरायचं.